एकटीने ताणा लावायचा तर

नल्लकुंटा, हैदराबाद
१४ जुलै २०००

प्रिय मेघना,

तू फोनवर विचारलंस त्याला आता तीन आठवडे होत आले. उत्तराला उशीर का झाला ते शेवटी सांगते. आधीच सांगितलं तर तू बाकीचं वाचणार नाहीस, तुझा स्वभाव मला माहीत आहे. तेव्हा चहा कर, खुर्चीत बस आणि सलग वाच. मराठी वाचायला तुला वेळ लागतो म्हणून अक्षर मोठं काढलंय. नारायणगुड्याला हल्ली गल्लीगल्लीत इंटरनेटची दुकानं निघालीत. शेजारची अलका म्हणते, तिथून पाठवा, पाच मिनिटांत पोचतं. एकदा तिच्याबरोबर जाऊन बघितलं. मराठी इंग्रजी अक्षरांत लिहायचं, आणि पाठीमागे कॉलेजची पोरं आपल्या खांद्यावरून वाचत उभी. मी म्हटलं, नक्को बाई, आपला पोस्टमन बरा.

संक्रांतीपासून तुझे फोन आखूड होत चाललेत. पूर्वी मकरंद जावई असूनही मध्येच तुझ्या हातातून फोन ओढायचा आणि मला गोंगुऱ्याच्या पचडीची कृती विचारायचा, दर वेळी तीच, कारण दर वेळी विसरायचा. आता तो कायम आंघोळीला गेलेला असतो. एवढ्या आंघोळी तर आम्ही इथं मे महिन्यातसुद्धा करत नाही. मी काही विचारलं नाही, तू काही सांगितलं नाहीस. मला तुझी काळजी लागून राहिली आहे, हे इथंच लिहून टाकते, म्हणजे पत्रभर दडवत बसायला नको. आणि त्या रविवारी तू एकदम विचारलंस, आई, पत्त्यांवरच्या पट्टीला अखंड ताणा एकटीने लावता येतो का, की एकेक धागा ओवलेलाच बरा? पलंगाचा पाय आणि दाराची मूठ एवढीच जागा आहे. मी तोंड उघडते तोवर तुझं फोनचं कार्ड संपलं.

तर आधी तुझ्या प्रश्नाचं बघू. लहानपणी हे सगळं तू केलं आहेस, पण अर्धंअधिक विसरली असशील, म्हणून मुळापासून सांगते. पुठ्ठ्याचा चौकोनी पत्ता, त्याच्या चार कोपऱ्यांत चार भोकं, प्रत्येक भोकातून एक धागा. असे वीस-पंचवीस पत्ते एकाला एक लावून उभे धरले, की त्यांच्यातून जाणारे सगळे लांब धागे म्हणजे तुझा ताणा. पत्ते सगळे मिळून पाव फेरा फिरवले की वरचे धागे खाली जातात, खालचे वर येतात, मध्ये फट पडते. त्या फटीतून आडवा धागा घालायचा, पट्टीने ठोकायचा, पुन्हा फिरवायचं. माग नको, फणी नको, पायाखालचे पायटे नकोत. म्हणून तर आमच्या शाळेसारख्या फाटक्या शाळेला हा हस्तव्यवसाय परवडला. पिशवीचे पट्टे, पोथ्यांचे बंद, परकरांचे नाडे, ढोलकीच्या गळ्यातला पट्टा, सगळं मुलींनी विणलेलं असायचं. विणणं सोपंच आहे. जो काही जीव जातो तो ताणा लावताना.

आमच्या शाळेत त्याच्या दोन तऱ्हा होत्या, एक सावित्रीबाईंची आणि एक माझी. सावित्रीबाई हस्तव्यवसायाच्या मुख्य बाई, मी त्यांच्या हाताखालची, त्या माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठ्या. पांढरं पातळ, बारीक आवाज, पण वर्गात शिरल्या की पोरी श्वास घ्यायच्या थांबायच्या. त्यांचं म्हणणं, प्रत्येक धागा आधी मोजायचा, कापायचा, आणि मग एकेक पत्ता हातात घेऊन त्याची चारही भोकं ओवायची. पत्ता ओवून झाला की बाजूला ठेवायचा, दुसरा घ्यायचा. अशात प्रत्येक पत्त्याचे रंग तुझ्या मर्जीचे. वेल काढ, नक्षी काढ, नाव काढ. पण सगळी दुपार जाते, मान मोडते, आणि शेवटी एवढ्या सगळ्या टोकांना सारखा ताण द्यायचा म्हणजे डोळ्यांत पाणी येतं. मला एवढा दम कुठला! मी लावायची अखंड ताणा. धाग्याचे चार गुंडे घ्यायचे, सगळ्या पत्त्यांची चळत करायची, आणि चारही धागे एकदम सगळ्या पत्त्यांतून ओवून घ्यायचे. टोकं खिळ्याला बांधली, की चळत हातात धरून या खिळ्यापासून त्या खिळ्यापर्यंत चालत जायचं, वळसा घ्यायचा, परत यायचं, आणि प्रत्येक खेपेला एक पत्ता मागे सोडायचा. हातातले पत्ते संपले की ताणा तयार. सावित्रीबाई त्याला आळशी बायकांचा ताणा म्हणायच्या, तेही मुलींसमोर, माझ्याकडे बघून.

आळशी म्हणोत की काही म्हणोत, त्याला दुसरं माणूस मात्र लागतं. एकीने चालायचं आणि दुसरीने गुंडे सांभाळायचे, नाहीतर ते घरभर एकमेकांच्या मागे पळतात. आपल्याकडे ते काम तुझं. मे महिन्याच्या सुट्टीत बाहेरच्या खिडकीच्या गजापासून झोपाळ्याच्या कडीपर्यंत ताणा लागायचा आणि तू परकराचा ओचा करून त्यात गुंडे घेऊन फरशीवर बसायचीस. ताणा लागेपर्यंत तुझ्या बाबांनी स्वयंपाकघरात जायचं ते मान खाली घालून, धाग्यांखालून. एकदा त्यांना पाण्याचा तांब्या हवा होता आणि मी उठू दिलं नाही, तर त्यांनी तिथूनच समोरच्या घराला हाक मारून पाणी मागितलं होतं. समोरच्या रेड्डींच्या बाईंना वाटलं, आमच्याकडे भांडण झालंय. त्या बिचाऱ्या पाण्याबरोबर मला समजवायला पण आल्या. तू इतकी हसलीस की गुंडे सुटले, आणि मी तुला धपाटा घातला.

आणि बाबांचा तो शोध आठवतो का? त्यांनी स्वतःच्या रमीच्या जुन्या कॅटचे पत्ते मला चौकोनी कापून दिले होते. कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसातला माणूस, भोकं कशी पाडली असतील विचारू नकोस, कंपास लावून. अखंड ताण्याची एक खोड असते. सगळे पत्ते एकाच तोंडाने ओवले जातात, त्यामुळे सगळे धागे एकाच बाजूला पिळले जातात आणि पट्टी सापासारखी वळते. माझी वळायचीच. मी ती पाण्यात भिजवून, गादीखाली दाबून सरळ करायची. त्या दिवशी ताणा लागला आणि मी दूध बघायला आत गेले. तेवढ्यात बाबांनी बघितलं की सगळ्या पत्त्यांच्या लाल पाठी एकाच बाजूला आल्यात. त्यांना ते दिसायला बरं वाटेना. एक पाठ, एक तोंड असं छान दिसेल म्हणून त्यांनी जागच्या जागी एकाआड एक पत्ता उलटा केला. मी काही बघितलं नाही, विणत गेले, आणि पट्टी उतरली ती एकदम सपाट! अर्धे पत्ते इकडे पिळत होते, अर्धे तिकडे, दोघांचं भांडण मिटलं होतं. मी ती शाळेत नेली. सावित्रीबाईंनी उलटसुलट करून बघितली, बोटाने दाबली, आणि ठेवून दिली. बाबा अजून कोणालाही सांगतात की विणकाम ही शेवटी इंजिनिअरिंगची बाब आहे. कावळा बसायला आणि फांदी मोडायला एकच गाठ, दुसरं काय! पण तू मात्र हे विसरू नकोस. कुठल्याही तऱ्हेने ताणा लाव, एकाआड एक पत्ता उलटा हवाच.

आता एकटीने लावायचं. येतो, का नाही येत! चार गुंडे चार वेगवेगळ्या पातेल्यांत टाकायचे, म्हणजे ते पळत नाहीत. पत्ते रमीचे मिळाले तर उत्तम, नाहीतर तिकडे दूध पुठ्ठ्याच्या खोक्यांतून येतं असं तूच सांगितलं होतंस, ती खोकी धुऊन काप. त्यांना मेण असतं, धागा छान सरकतो. लोकर आणली असशील तर ती ठेवून दे आणि तिचा मफलर कर. पत्ते फिरून फिरून लोकरीला भुगा सुटतो आणि फट उघडेनाशी होते. क्रोशाचा सुती धागा घे, गुळगुळीत आणि पिळाचा. ताणा लावून झाला की सगळ्यात आधी पत्त्यांची चळत रिबिनीने बांध. मग शिंकायचं असेल तर शिंक. चळत न बांधता हातातून पडली की कोणता पत्ता कसा फिरलेला होता ते ब्रह्मदेवालासुद्धा कळत नाही.

पण मला विचारशील तर आत्ता तू अखंड ताणा लावू नकोस. एकेक धागा ओव. हे मी लिहितेय, मी! सावित्रीबाई वर कुठे ऐकत असतील तर पदर तोंडाला लावून हसत असतील. का ते सांगते. अखंड ताण्याला थांबणं माहीत नाही. एकदा चालायला लागलीस की शेवटचा पत्ता सुटेपर्यंत हातातला ताण तस्सा राहिला पाहिजे. मध्ये फोन वाजला, मन कुठे भरकटलं, की हात आपोआप आवळतो किंवा ढिला पडतो, आणि ते तेव्हा कळतच नाही. विणायला बसलं की अर्धे धागे लोंबतात. तू ऑफिसातून दमून येणार, आणि अर्ध्या वाटेवर भिंतीकडे बघत उभी राहणार. एकेक पत्ता ओवायचं तसं नाही. तीन पत्ते ओवले, नकोसं झालं, ठेवून दिलं. उद्या चौथा. त्या तीन पत्त्यांचं काही बिघडत नाही.

हे मला पुस्तकातून कळलेलं नाही. बाबांच्या कारखान्यात नवीन यंत्रं आली आणि चांगल्या चांगल्या माणसांना हार घालून, नारळ देऊन वेळेआधी घरी पाठवलं, त्या वर्षी कळलं. तू तेव्हा अमीरपेठेत कॉम्प्युटरचे क्लास करत होतीस, सकाळी जायचीस ती रात्री यायचीस, त्यामुळे तू फारसं बघितलं नाहीस. बाबा सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून तयार व्हायचे आणि खुर्चीत बसायचे. बोलायचे नाहीत, रागवायचे नाहीत, नुसते बसायचे. शेजारी येऊन म्हणायचे, आता काय, आरामच आराम! असं वाटायचं, यांच्या तोंडावर दार लावावं. त्या दिवसांत मी लावलेला प्रत्येक अखंड ताणा बिघडला. खिडकीपाशी वळायची आणि बाबा अजून तसेच बसलेत का ते बघायची, तेवढ्यात ताण गेलेला असायचा. शेवटी कंटाळून मी सावित्रीबाईंच्या पद्धतीने ओवायला बसले. दिवसाला थोडे थोडे पत्ते. एके दिवशी बाबा उठून समोर येऊन बसले आणि धाग्यांची टोकं मेणावरून ओढून द्यायला लागले, न सांगता. पट्टी संपेपर्यंत ते निम्मेअर्धे ताळ्यावर आले होते. आणि खरं सांगू, मीसुद्धा. तेव्हा तुझ्या आईने आजवर दुसऱ्या तऱ्हेचं कितीही कौतुक केलेलं असलं तरी सध्या तुझ्यासाठी ही, एवढं ऐक.

आता उशिराचं कारण. त्या रविवारी फोन बंद पडला आणि मी बाबांना म्हटलं, मेघना एकटी राहते. त्यांनी विचारलं, तुला कोणी सांगितलं? मी म्हटलं, तिनेच. ते म्हणाले, ती तर धाग्यांचं काहीतरी विचारत होती. कप्पाळ माझं! अगं, परवाच्या दिवाळीत तू लिहिलं होतंस की तू स्वेटर विणतेस तेव्हा मकरंद लोकरीचे गुंडे धरायला बसतो आणि मुद्दाम गुंता करतो. ज्या घरात दुसरं माणूस असतं तिथली बाई एकटीने कसं लावू म्हणून विचारत नाही, ती हाक मारते. आणि तुमच्या घराचे फोटो काय मी बघितले नाहीत? ऐसपैस हॉल, त्यात आपलं अख्खं घर मावेल. तिथं पलंगाच्या पायाला आणि दाराच्या मुठीला कोण ताणा बांधतं? तू एका खोलीत राहतेस, मेघना. म्हणून हे पत्र तुझ्या ऑफिसच्या पत्त्यावर टाकतेय. नंतर बरकतपुऱ्याला तुझ्या सासूबाई दिसल्या. इंदुताई मला चहा पाजल्याशिवाय कधी सोडत नाहीत, आणि त्या दिवशी मला बघून भाजीवाल्याच्या हातात कोथिंबीर तशीच ठेवून रस्त्यापलीकडे निघून गेल्या. मला राग नाही आला. त्यांनाही कळलेलं दिसतंय, आणि कुठल्या तोंडाने बोलावं हे त्यांनाही सुचत नसेल. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे गावासाठी ठीक आहे. पण तू माझ्यापासून मूठ झाकून त्या परक्या देशात रोज रात्री एकटी जेवतेस, या विचाराने माझ्या घशाखाली घास उतरत नाही.

बाबा म्हणाले, एकनाथरावांना फोन करतो, दोन्ही घरच्यांनी बसून मिटवू. मी त्यांचा हात धरला. म्हटलं, व्याह्यांना मध्ये घालायचं ते ती म्हणेल तेव्हा, तिला न विचारता नाही. त्यावर ते दिवसभर खुर्चीत बसून होते. मला वाटलं, पुन्हा तेच सुरू झालं. पण दुसऱ्या दिवशी सकाळीच जाऊन ते चारमिनार एक्स्प्रेसची मद्रासची दोन तिकिटं घेऊन आले. माझा पासपोर्ट तुम्ही गेल्या वर्षी हट्टाने करून घेतला होतात, बोलावण्याची कागदपत्रंही तेव्हाचीच होती. त्या वेळी म्हणत होतात, आई, तुमची गरज लागेल तेव्हा धावपळ नको. गरज कसली ते तेव्हा सगळ्यांनाच माहीत होतं, आणि मी मनात दुपटीसुद्धा शिवायला घेतली होती. असो. मद्रासला वकिलातीबाहेर उन्हात रांगेत उभी राहिले. खिडकीतल्या माणसाने दुभाष्याकडून विचारलं, कशासाठी जाता? मी म्हटलं, मुलीकडे. तो आणखी बरंच विचारत बसला, पण मला तेवढंच उत्तर येत होतं. व्हिसा मिळाला. काल तिकीट हातात आलं, म्हणून आज लिहितेय. ऑगस्टच्या नऊ तारखेला, बुधवारी, दुपारी मी तिथं उतरते. बाबा येत नाहीत. ते म्हणतात, तुम्हा दोघींना बोलू दे, मी पिठलं-भात करून राहीन. त्यांना पिठलं येत नाही, पण ते त्यांचं ते बघतील.

मी समेट करायला येत नाही आणि तुला परत न्यायलाही येत नाही. तुझी नोकरी तुझ्या हिमतीची आहे, ती तू कर. काय झालं ते सांगावंसं वाटलं तर सांग, नाही वाटलं तर मी विचारणार नाही, जीभ चावून बसेन. सकाळी डबा देईन, संध्याकाळी गरम वाढेन. जमिनीवर अंथरूण घालून झोपायची मला सवय आहे, तेव्हा खोली लहान आहे ही सबब नको. मी येऊच नये असं तुला खरोखर वाटत असेल तर फोनवर तसं स्पष्ट सांग. मी थोडी रडेन, पण रागावणार नाही. फक्त सगळं ठीक आहे असं आता म्हणू नकोस. आणि मला बरं वाटावं म्हणून मकरंदला एका दिवसापुरता गळ घालून बोलावू नकोस, चेहरा हसरा करून दोघं शेजारी शेजारी उभे राहू नका. विमानतळावर मला घ्यायला तू एकटीच ये.

तुझीच,
आई